पावागड : उभारलेला डोंगर की उरलेला डोंगर?

पावसाळा सरून हवा निवळली म्हणजे बडोद्यातील एखाद्या उंच गच्चीवरून ईशान्येकडे पाहावे. सपाट मुलखाच्या पलीकडे एकटाच एक निळसर डोंगर उभा दिसतो. त्याच्या तोलाचा दुसरा डोंगर त्याच्या शेजारी नाही. बडोदे शहर समुद्रसपाटीपासून अवघे ४० मीटरांच्या आसपास, आणि तेथून सुमारे ५० किलोमीटरांवरचा हा पावागड ८०० मीटरांच्या घरात. इतक्या सपाट प्रदेशात हा एकटा डोंगर आला कोठून, हा प्रश्न कालिकामातेच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकाच्या मनात येतो, आणि चांपानेरची जामा मशीद पाहायला गेलेल्या प्रवाशाच्या मनातही येतो. स्मरणिकेच्या संपादकांनी 'भूगोलातले, पण आपल्याकडचे काहीतरी लिहा' असे सुचविले, तेव्हा मला याहून चांगला विषय सुचला नाही.

शाळेच्या पुस्तकात पर्वतांचे चार प्रकार दिलेले असतात : घडीचे, गट, ज्वालामुखीचे आणि अवशिष्ट. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. वर्गात पावागडाचा प्रकार विचारला की बहुतेक हात 'ज्वालामुखीचा' या उत्तरासाठी वर होतात. उत्तर अगदी चूक नाही, कारण पावागडाचा दगड ज्वालामुखीतूनच आलेला आहे. परंतु दगड कसा झाला आणि डोंगर कसा झाला, हे दोन प्रश्न निराळे आहेत. विटा भट्टीत भाजल्या जातात, म्हणून भिंत भट्टीत उभी राहिली असे आपण म्हणत नाही.

पावागड या नावाच्या अनेक व्युत्पत्ती सांगतात. कोणी ते पवनावरून आले म्हणतात, कोणी पावक म्हणजे अग्नीवरून. तिसरी समजूत फार गमतीची आहे : दिसतो तो डोंगर फक्त पाव हिस्सा आहे, उरलेला तीन चतुर्थांश जमिनीत आहे! हिशेबाला अर्थातच आधार नाही. पण 'डोंगराचा मोठा भाग आपल्याला दिसत नाही' ही त्यातील कल्पना भूशास्त्रालाही मान्य होण्यासारखी आहे. फरक इतकाच, की तो न दिसणारा भाग डोंगराच्या पायाखाली गाडलेला नाही. तो डोंगराच्या सभोवती, आज जेथे नुसती हवा आहे तेथे होता.

हे कशावरून, ते पाहू.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारताच्या जमिनीला भेगा पडून त्यांतून शिलारस बाहेर आला. जपानच्या फुजीसारखा टोकदार सुळका आणि त्याच्या तोंडातून धूर, असे चित्र येथे डोळ्यांसमोर आणू नये. हा रस पातळ होता. तो लांबच लांब भेगांतून उसळून मैलोगणती पसरला आणि थिजला. काही काळाने त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आज हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर उरला आहे, आणि सह्याद्रीच्या काही भागांत थरांची एकूण जाडी दीड-दोन हजार मीटरांपर्यंत जाते. या थरांना 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून आला, कारण हे डोंगर दुरून जिन्यासारखे दिसतात. आपल्या लोकांनी पायऱ्या पाहिल्या नव्हत्या असे नाही. राजगडाच्या सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती या तिन्ही माच्या म्हणजे अशाच पायऱ्या होत. पावागडावरही उडनखटोला जेथून सुटतो त्या मधल्या टप्प्याला 'माची' हेच नाव आहे. हा पंचमहाल १८६१ पर्यंत शिंद्यांच्या ताब्यात होता. ते नाव तेव्हाचे की त्याआधीचे, हा इतिहासाच्या शिक्षकांनी सोडविण्याचा प्रश्न आहे. जागेला ते शोभते एवढे खरे.

आता पावागड पायथ्यापासून चढू. खालच्या भागात काळा, जड बेसाल्ट लागतो, म्हणजे दख्खनी घरांच्या जोत्यांत आणि पाट्या-वरवंट्यांत असतो तोच काळा पाषाण. त्यातील काही थरांत बारीक पोकळ्या दिसतात. थिजत असलेल्या रसातील वायूचे हे बुडबुडे होत. कोठे ते रिकामे आहेत, तर कोठे पांढऱ्या स्फटिकांनी भरलेले आहेत. थर साधारण आडवे आहेत, भाकऱ्यांची चवड रचावी तसे. माचीवरून आणखी वर, मौलिया पठाराच्या बाजूने माथ्याकडे गेले म्हणजे दगड बदलतो. माथ्याचा उभा कडा रायोलाइट नावाच्या खडकाचा आहे. बेसाल्टमध्ये वाळूचे मुख्य द्रव्य, म्हणजे सिलिका, निम्म्याच्या आसपास असते. रायोलाइटमध्ये ते शेकडा ७० च्या वर जाते. एवढ्याशा फरकाने काय होते ते स्वयंपाकघरात विचारावे. एकतारी पाक ताटात ओतला की पसरतो. गोळीबंद पाक जेथे पडेल तेथेच बसतो. रायोलाइटचा रस हा गोळीबंद पाक होय. तो फार दूर वाहत नाही, म्हणून त्याचे मुख पावागडाच्या जवळपासच कोठेतरी असावे असे मानतात. इतका फिका, सिलिकेने भरलेला दगड दख्खनच्या अफाट काळ्या थरांत थोड्याच ठिकाणी आढळतो. त्यामुळे भूशास्त्रज्ञांचे या टेकडीवर जुने प्रेम आहे. ब्लॅनफर्डने १८६९ साली तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांवरील आपल्या ग्रंथात तिचा विचार केला, आणि फर्मरने १९०६ साली तिच्या खडकांवर स्वतंत्र निबंध लिहिला.

लेखातील कळीची जागा येथेच आहे. वाचकांनी कड्याच्या टोकाशी (कठड्याच्या आत!) उभे राहून विचार करावा. हा थर एके काळी द्रव होता. द्रव पदार्थ हवेत उभी कड करून थांबत नाही. ताटातील पाक ताटाच्या काठापर्यंत जातो. काठ नसेल तर ओघळतो आणि पातळ होत होत संपतो. पावागडाचे थर मात्र पूर्ण जाडीचे असतानाच एकाएकी तुटतात आणि पुढे शेकडो मीटर खोल मोकळी हवा आहे. म्हणजे थर तेथे संपलेला नाही, तो कापला गेला आहे. वहीची पाने कातरल्यावर कड दिसते तशी ही कड आहे. उलट पावागड हा ज्वालामुखीने स्वतः रचलेला शंकू असता, तर त्याचे थर माथ्यापासून चोहोबाजूंनी उतरते असते. ते तसे नाहीत. नर्मदेच्या दक्षिणेस राजपिपळ्याच्या डोंगरांतही हाच काळा दगड आहे. मधले दुवे गेले आहेत.

मग ते गेले कोठे? चोर दोन आहेत.

पहिला आपल्या रोजच्या पाहण्यातला. विश्वामित्री नदी पावागडाच्या डोंगरात उगम पावते आणि बडोद्याच्या मध्यातून वाहते. बडोदेकरांना तिच्या मगरी ठाऊक आहेत, आणि २०१९ व २०२४ या सालांच्या पुरांनंतर तिचे पाणीही चांगलेच ठाऊक झाले आहे. पूर ओसरल्यावर घराघरांतून जो गाळ आपण घमेल्यांनी बाहेर टाकला, त्यात थोडासा पावागडही होता. दगड भेगांत चिरतो, पाण्याने आणि हवेने कुजतो, त्याची माती होते, माती ओढ्याला लागते, ओढा नदीला मिळतो. विश्वामित्री पुढे ढाढरेला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. एका पावसाळ्यात होणारी ही झीज डोळ्यांना दिसतही नाही. पण कोट्यवधी पावसाळ्यांचा हिशेब मांडला म्हणजे डोंगरच्या डोंगर जातात. माथ्याच्या कठीण रायोलाइटने खालच्या थरांवर टोपीसारखे छत्र धरले, म्हणून एवढा तुकडा टिकला.

दुसरा चोर जमिनीखालचा. खंभातच्या आखातापासून उत्तरेकडे मेहसाणेपर्यंत भूकवचाचा एक लांब पट्टा दोन्ही बाजूंच्या भेगांमध्ये खाली खचलेला आहे, आणि नद्यांनी व समुद्राने आणलेल्या गाळाने तो भरत गेला आहे. बडोदे त्याच्या पूर्वेच्या काठाशी वसले आहे. १९५८ साली खंभातजवळ लुणेज येथे आणि १९६० साली अंकलेश्वरला तेल सापडले ते याच गाळाच्या खडकांत. तेलाच्या विहिरी खणताना गाळाचे थर संपून खाली काय लागते? पुन्हा तोच काळा दख्खनचा दगड, काही ठिकाणी तीन-चार किलोमीटर खोल! पावागडावर जो आपल्या डोक्यावर आहे, तोच अंकलेश्वरच्या शेतांखाली पाताळात आहे. कोयलीच्या तेलशुद्धीकारखान्याची चिमणी आणि पावागडाचा माथा एकाच दिवशी एकाच गच्चीवरून पाहिले, तर एकाच घटनेची दोन टोके पाहिली असे समजावे.

या कड्यांचा इतिहासाशीही संबंध आला आहे. मुळात कापलेल्या कडा असल्यामुळेच हा डोंगर किल्ल्यास योग्य ठरला. महमूद बेगड्यास तो घेण्यासाठी दीर्घ वेढा घालावा लागला आणि १४८४ मध्ये तो पडला. पुढे १५३५ साली हुमायूनने कड्याच्या दगडात पोलादी खिळे ठोकून रात्री माणसे वर चढविली, असे मोगल इतिहासकार लिहितात. रायोलाइटसारख्या दगडातील उभ्या भेगा ठाऊक असणाऱ्यास या हकिगतीचे नवल वाटणार नाही. वरच्या पठारावर दुधिया, छासिया यांसारखी तळी आहेत. एवढ्या उंचीवर पाणी धरून ठेवणारी अभेद्य बैठक नसती, तर त्या किल्ल्यावर शिबंदी राहिली नसती.

पावागडाच्या पूर्वेस जांबुघोड्याचे रान लागते. १९९० साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. लोक तेथे अस्वल आणि बिबट्या दिसेल या आशेने जातात. मी मुलांना तेथल्या टेकड्यांकडे पाहायला सांगतो. पावागडाच्या सरळ टप्प्यांपुढे त्या अगदीच बुटक्या आणि गोलसर दिसतात, पण वयाने पावागड त्यांचा पणतूही शोभणार नाही. येथील चांपानेर गटाचे खडक गोध्र्याच्या ग्रॅनाइटहून जुने आहेत, आणि तो ग्रॅनाइटच सुमारे ९५ कोटी वर्षांचा आहे. हे खडक मुळात पाण्याखाली साचलेली वाळू आणि चिखल. नंतर दाबाने त्यांच्या घड्या पडल्या, वाळूचा कठीण क्वार्टझाइट झाला आणि चिखलाची पाटीसारखी पापुद्रेदार शिला झाली. शिवराजपूरचे मँगनीज याच खडकांतले. त्यांच्यात कोठे कोठे गोल गोटे एकमेकांस चिकटून बनलेला खडकही मिळतो. गोटा गोल होतो तो नदीत घासून. म्हणजे या म्हाताऱ्या टेकड्यांच्याही आधी कोणता तरी डोंगर होता, त्याच्यावरून नदी वाहत होती, आणि तिचे गोटे आज आपण हातात घेतो आहोत! हा गोटा मुलाच्या हातात दिला म्हणजे वर्गात क्षणभर शांतता होते, ती मला कोणत्याही नकाशाने साधलेली नाही.

म्हणजे जांबुघोड्याच्या टेकड्या घडीच्या पर्वताच्या, अरवलीच्या भाऊबंदांच्या, झिजून उरलेल्या मुळ्या आहेत. घडीचा पर्वत तरुणपणी कसा दिसतो, ते पाहायचे तर हिमालयाकडे जावे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियावर आदळला आणि मधल्या समुद्राच्या तळाचे थर चुरगळून वर गेले. एव्हरेस्टच्या ८,८४८ मीटर उंच माथ्यावर समुद्री जीवांचे अवशेष असलेला चुनखडक आहे तो त्यामुळेच. भारत अजूनही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर या वेगाने उत्तरेस सरकतो आहे, म्हणजे साधारण आपली नखे वाढतात त्या गतीने. हिमालयाचे जे झिजते त्याची काही भरपाई खालून होत असते.

सह्याद्रीचे काय? आमच्या पुष्कळ वाचकांची मूळ गावे घाटावर किंवा कोकणात, म्हणून दोन शब्द. सह्याद्री घडीचा पर्वत नव्हे. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखरावरही थर जवळजवळ आडवेच आहेत. तो वास्तविक डोंगरांची रांगच नव्हे; दख्खनच्या पठाराची ती पश्चिमेकडील तुटलेली कड आहे. सेशेल्स बेटांचा भूखंड भारतापासून वेगळा होऊन अरबी समुद्र रुंदावला, किनाऱ्याकडची बाजू खचली, आणि कोकणातील तीव्र उताराच्या नद्या ती कड खात खात पूर्वेस सरकवू लागल्या. पठार पूर्वेस कलते याचा साक्षीदार गोदावरी. त्र्यंबकेश्वरी तिला अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असतो, तरी ती १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. आणि कड इतकी झिजूनही उंच कशी राहिली? होडीतून माल उतरविला की होडी पाण्यावर थोडी वर येते. भूकवचही खालच्या जड, मऊ थरावर तरंगल्यासारखे आहे. वरचे ओझे नद्यांनी नेले की ते सावकाश वर येते. गुजरातेत या सह्याद्रीचे उत्तरेचे टोक पाहायचे असेल तर डांगात जावे. १९७९ साली झालेले वांसदा राष्ट्रीय उद्यान त्याच्याच लगत आहे. मुंबईकरांना तर बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान दारातच आहे. तेथील कान्हेरीची शंभरावर लेणी ज्वालामुखीच्या तुकड्यातुकड्यांनी सांधलेल्या दगडात कोरलेली आहेत.

गिरनारची तऱ्हा आणखी निराळी. सुमारे १,१०० मीटरांचा हा गुजरातेतील सर्वांत उंच डोंगर. येथे शिलारस वर येऊन पसरला नाही. सोरठच्या लाव्हाथरांत खालूनच घुसून तो जमिनीच्या पोटात सावकाश निवला, म्हणून त्याचे स्फटिक मोठे झाले. वरचे कवच झिजून गेल्यावर तो उघडा पडला. दक्षिणेस सिंहांसाठी प्रसिद्ध असलेले गीर राष्ट्रीय उद्यान मात्र त्याच काळ्या लाव्हाच्या टेकड्यांवर आहे.

एवढे सगळे ध्यानात आल्यावर पावागडाचा पुस्तकातील प्रकार सांगता येतो : दगड ज्वालामुखीचा, डोंगर अवशिष्ट. याचा व्यवहारात अर्थ असा, की हिमालयास अजून मिळकत आहे, आपल्याकडच्या टेकड्या निव्वळ शिल्लक रकमेवर जगत आहेत. चांपानेर-पावागडाचे नाव २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, जांबुघोड्यास अभयारण्याचा कायदा आहे. पण गोध्रा-हालोलकडील आणि इतरत्रच्या ज्या लहान टेकड्यांस ना देऊळ ना मशीद, ना वाघ ना अस्वल, त्यांना कोणी वाली नाही. रस्ता हवा तर खडी हवी, रुळांना गिट्टी हवी, हे मला कळते; मीही त्याच रस्त्याने शाळेत जातो. माझे म्हणणे इतकेच, की कोणती टेकडी फोडावी आणि कोणती राखावी हे ठरविताना ठेकेदाराच्या शेजारी एखादा भूशास्त्रज्ञही बसलेला असावा. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून सुमारे ६० मीटर उंच, खांबाखांबांच्या काळ्या दगडाचा सुळका आहे. भोवतालचा दगड खाणींनी खाल्ला आणि तेवढाच वाचला. आज तो चोहोबाजूंनी इमारतींनी वेढलेला आहे.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. बालासिनोरजवळ रायोली येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी डायनोसॉरची हाडे आणि अंडी मोठ्या संख्येने सापडली. त्या परिसरातील काही अंडी तर सिमेंटसाठी चुनखडी काढण्याच्या खाणीतच मिळाली. खाण नसती तर ती कदाचित कोणाच्या दृष्टीस पडली नसती. खाण चालवणारा डोळे मिटून काम करता तर ती सिमेंटच्या पोत्यांतून गेली असती. तेथील हाडांवरून एका मांसाहारी डायनोसॉरची ओळख पटली आणि २००३ साली त्यास 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव मिळाले. ही हाडे ज्या खडकात आहेत, तो दख्खनच्या लाव्हाच्या लगेच खालचा. म्हणजे पावागडाचा पहिला थर पसरण्याच्या आधीची, त्याच्या पायाखालची जमीन रायोलीस उघडी आहे, आणि तीवरून हे प्राणी चालत होते. २०१९ पासून तेथे संग्रहालयही आहे. बडोद्याहून एका दिवसात जाऊन येता येते. शाळांनी सहल नेताना मुलांना आधी पावागडाच्या कड्यापाशी न्यावे आणि मग रायोलीस, म्हणजे वरचा थर आणि त्याखालची जमीन एकाच सहलीत पाहून होईल.